अमावस्या शाळेला देऊ नका

पत्र

ताई, नमस्कार.

माण-खटाव भागातल्या एका अनुदानित शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. वय ४४. आकाश बघायचा नाद कॉलेजात लागला. पुढे पुण्याला कार्यशाळेसाठी शनिवार-रविवार जाऊन सहा इंची आरसा स्वतः घासला आणि त्याची दुर्बीण केली. अमावस्येच्या आसपास मित्राच्या रानात जाऊन बघत बसतो. शाळेतही दर जानेवारीत मैदानावर आकाशदर्शनाची रात्र घेतो.

यंदा सव्वाशे मुलं आली. दोन दिवसांनी एका पालकांची तक्रार आली, मुलाला सर्दी झाली आणि चाचणीचा अभ्यास बुडाला म्हणून. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, आता हे थांबवा, निकालाचं बघा." सहकारी म्हणतात, एवढी विज्ञानाची हौस आहे तर क्लास काढ. घरी वेगळंच. बायको म्हणते, "अमावस्येला नवरा रानात जातो म्हटल्यावर लोक मला काय काय विचारतात, तुम्हाला कल्पना नाही." मुलगी पुढच्या वर्षी दहावीला.

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की इतकी वर्षं बघूनही नावावर काही नाही. ना एखादा धूमकेतू, ना एखादा लेख. मुलांना त्या रात्रीची मिसळ लक्षात राहते, शनी नाही. यंदा तर दुर्बिणीला डोळा लावून सगळी विचारत होती, "सर, कडी कुठाय?" जिल्ह्यातल्या एका कॉलेजने दुर्बीण विकत मागितली आहे. देऊन टाकू का?

— एक हौशी मास्तर


उत्तर

सर, नमस्कार.

दुर्बीण विकू नका. आधी हे सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. स्वतः घासलेल्या आरशाला बाजारात फारसा भाव येत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती कपाटावर जाईल आणि दोन पावसाळ्यांत आरशावर बुरशी धरेल. महाराष्ट्रात अशा किती दुर्बिणी कुलपात पडून आहेत, ते विज्ञान शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

क्लासचाही विषय इथेच संपवू. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी घेऊ देत नाही. सगळे घेतात, हे मलाही माहीत आहे. पण तुमच्या पत्रात क्लासबद्दल जे एक वाक्य आहे, त्यात तुमची स्वतःची इच्छा कुठेच दिसत नाही. मग कशाला?

आता मुद्द्याचं. मीही शाळेत विज्ञानच शिकवलं, तेव्हा थोडं स्पष्ट बोलते. तुम्ही तुमचं सगळं आकाश शाळेला देऊन टाकलंय, आणि त्यातला नेमका चुकीचा भाग दिलाय. रात्र दिलीत. रात्र तुमची होती.

सव्वाशे मुलांच्या रांगेचा हिशोब करून बघा. एकेकाला अर्धा मिनिट धरलं तरी तासाच्या वर जातो. तुमच्या दुर्बिणीला मोटर नसणार. शंभरपटीच्या वर वर्धन लावलं की पृथ्वीच्या फिरण्याने शनी दीड-दोन मिनिटांत दृश्यक्षेत्राबाहेर जातो. म्हणजे दर तीन-चार मुलांमागे तुम्ही वाकून तो परत धरायचा. मधेच कुणीतरी नळीला धरून डोळा लावतो, की गेला. पुढचं मूल काळ्या आकाशाकडे बघतं, मागून धक्के येत असतात, आणि ते म्हणतं, "दिसलं सर." काही दिसलेलं नसतं. रांग पुढे सरकावी म्हणून मुलं "दिसलं" म्हणतात. तोवर शनी पश्चिमेला खाली गेलेला, हवेच्या थरांत थरथरणारा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मैदानात पन्नास मोबाइलचे टॉर्च चालू. अशा रात्रीतून मिसळच लक्षात राहणार. त्यात मुलांचा दोष नाही, मिसळीचा तर नाहीच.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून मी विचारते. त्या सव्वाशेत मुली किती होत्या? खेड्यातल्या शाळेत रात्रीचा कार्यक्रम म्हटलं की मुलींच्या घरून "नको" येतं, आणि त्या घरांचं अगदीच चुकतं असंही मला म्हणवत नाही. सोबत कोण, परत कोण सोडणार, बाई आहेत का, हे प्रश्न खरे असतात. आपण मात्र आकाश हा विषयच रात्रीच्या मुक्कामाला बांधून ठेवतो, आणि मग म्हणतो, मुलींना यात रस नसतो.

तेव्हा मुख्याध्यापक थांबवा म्हणाले, तर थांबवा. वाईट वाटून घेऊ नका. शाळेला दिवसाचं आकाश द्या.

उदाहरणार्थ परिपाठ. पौर्णिमेनंतर सहा-सात दिवसांनी, वद्य षष्ठी-सप्तमीच्या सुमारास, सकाळची प्रार्थना चालू असताना पश्चिमेकडे चंद्र चांगला वर असतो. निम्म्या मुलांनी तो कधी पाहिलेला नसतो, कारण चंद्र रात्री उगवतो हे त्यांनी चित्रांतून शिकलेलं असतं. मैदानावर ऊन आलं की एका मुलीच्या हातात पांढरा प्लॅस्टिकचा चेंडू द्या आणि हात लांब करून तो चंद्राच्या शेजारी धरायला सांगा. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, नेमका तेवढाच चंद्राचा दिसतो. उजेड त्याच बाजूने, सावलीची कडही तशीच तिरकी. चंद्राच्या कला फळ्यावर काढायला एक तास जातो आणि तरी अर्ध्या मुलांना वाटत राहतं की त्या पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. चेंडू दिसला की तो गैरसमज तिथेच मोडतो, कारण पृथ्वीची सावली मधे येणार कुठून? सूर्य इकडे, चंद्र तिकडे, आणि दोन्ही डोळ्यांसमोर.

दुसरं, घरातलं कॅलेंडर. संकष्टीच्या दिवशी त्यावर गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. त्या मुलांना वहीत उतरवून आणायला सांगा आणि विचारा, नागपूरला चंद्र मुंबईच्या आधी का उगवतो? दोन्ही शहरांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांचा फरक आहे, अंशाला चार मिनिटं, म्हणजे पंचवीस मिनिटं झाली. छापलेल्या आकड्यात याहून थोडा कमी-जास्त फरक दिसेल. तो का, हे नववीच्या एखाद्या चुणचुणीत पोरावर सोडा. अक्षांशाचं उत्तर घेऊन आला तर त्याला शाबासकी द्या. भूगोलाच्या सरांना हाताशी घ्या, म्हणजे तास कुणाचा बुडला हा वाद उरणार नाही.

आणि शून्य सावली. तुमच्याकडे अक्षांश साडेसतरा-पावणेअठराच्या दरम्यान, म्हणजे सूर्य डोक्यावर येतो तो १० मेच्या आसपास आणि परत ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, दुपारी साडेबाराच्या सुमाराला. मे महिन्यात आकाश लख्ख, पण शाळेला सुट्टी. ऑगस्टमध्ये शाळा भरलेली, पण ढग. महाराष्ट्रातले सगळे विज्ञान शिक्षक या दुर्दैवावर एकमेकांचं सांत्वन करत असतात. तुम्ही मात्र पर्जन्यछायेत आहात. महाबळेश्वरच्या शाळेला ऑगस्टमध्ये सूर्य दिसायची आशा नाही, माणमध्ये ती बऱ्यापैकी असते. दुष्काळाचा एवढा तरी फायदा घ्या. मैदानात बाटल्या, डबे, कंपासपेट्या, जे मिळेल ते उभं करून ठेवायचं आणि सावली आत शिरताना बघायचं. मधल्या सुट्टीत होतं, खर्च शून्य.

आता पाठ्यपुस्तक. तुमच्याआमच्या हातात इतकी वर्षं बालभारतीची जी पुस्तकं होती, त्यांत एक गंमत आहे. सहावीचं 'विश्वाचे अंतरंग', सातवीचं 'तारकांच्या दुनियेत', आठवीचं 'ताऱ्यांची जीवनयात्रा', नववीचं 'अवकाश निरीक्षण: दुर्बिणी', चारही इयत्तांत आकाशाचा धडा शेवटचा. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, अभ्यासक्रम संपवायच्या घाईत, "हा घरी वाचा" म्हणून उरकायचा. बऱ्याच शिक्षकांना याचा राग येतो. मला ही व्यवस्था, ठरवून केलेली असो वा नसो, फार सोयीची वाटते. कारण फेब्रुवारीत संध्याकाळी साडेसातला डोक्यावर काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आठवीचा तो धडा मृगाखाली उभं राहून दहा मिनिटांत होतो. हरणाच्या पोटातल्या बाणाखाली जो धूसर ठिपका आहे, तो तेजोमेघ, तिथे तारे जन्माला येताहेत. कृत्तिकांचा पुंजका म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबात तान्ही पोरं. मृगातलाच लालसर तारा काक्षी म्हातारपणी फुगलेला महातारा, रोहिणीही त्याच वाटेवर. व्याधाला एक जोडीदार आहे, श्वेतबटू. आपल्या दुर्बिणीतून तो जवळपास दिसत नाही, पण तिथे आहे, एक संपलेला तारा. आणि वृषभाच्या शिंगापाशी १०५४ साली एक तारा फुटला होता, चिन्यांनी तो दिवसाउजेडी पाहिल्याची नोंद आहे. जन्म, बाळपण, म्हातारपण, मरण, सगळं एका नजरेत. यासाठी तुम्हाला दुर्बीण न्यायची नाही, मुलांना बोलवायचंही नाही. "आज संध्याकाळी अंगणात उभं राहून काक्षी आणि मृगातलाच राजन्य या दोन ताऱ्यांचे रंग बघा आणि उद्या सांगा," एवढाच गृहपाठ. मुलगीही घराच्या पायरीवरून करते. आईला विचारून करते, मग आईही बघते.

यातून पाच-सहा पोरं अशी निघतील की जी दुसऱ्या दिवशी तुम्हाला जिन्यात गाठतील. त्यांच्यासाठी दुर्बीण काढा. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी गच्चीवर, घरची मोठी माणसं हजर असताना, साडेसात ते नऊ. नऊला बंद. एकेकाला पाच मिनिटं डोळा लावू द्या. पहिलं मिनिट काहीच दिसत नाही, दुसऱ्या मिनिटाला गुरूवरचा पट्टा दिसायला लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. सव्वाशेत ते कुणालाही कळू शकलं नसतं.

एक बारीक सूचना. लघुग्रह शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय मोहिमा असतात, मुलं संगणकावर दुर्बिणींची चित्रं तपासतात. चांगलं काम आहे, फुकट आहे, जरूर करा. पण प्राथमिक नोंदीचं प्रमाणपत्र आलं की "आमच्या विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला" असा फलक शाळेच्या फाटकावर लावू देऊ नका. नोंद पक्की व्हायला वर्षं लागतात. पोराला ते नीट सांगितलं, तर तेच त्याचं विज्ञानाचं शिक्षण.

आता तुमचं खुपणं. नावावर काही नाही.

सर, खगोलाचा आणि मास्तरकीचा आपल्याकडे जुना घरोबा आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित मुरूडचे, उभी हयात शाळा आणि ट्रेनिंग कॉलेजात शिकवण्यात गेली, आणि भारतीय ज्योतिषाचा, म्हणजे खगोलशास्त्राचा, इतिहास त्यांनी असा लिहिला की आजही त्यावाचून पान हलत नाही. १८९६ साली ग्रंथ आला, १८९८ मध्ये ते गेले, वय पंचेचाळीससुद्धा नव्हतं. बागलकोटच्या शाळेत शिकवणाऱ्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं गणित मांडून ते फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापून आणलं. त्यांनी दिलेलं एक अंतर पुढे सापडलेल्या प्लूटोच्या बरंच जवळ निघालं. त्यात योगायोग किती, यावर वाद घालता येईल. पण ही मोठी माणसं तुम्हाला लाजवायला सांगत नाहीये. तुमच्या जास्त जवळचा माणूस मला दुसराच वाटतो.

आताच्या बांगलादेशातल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र. प्रवेश परीक्षेत नापास झालेले, सरकारी खजिन्यात नाणी-नोटा मोजणारे कारकून. संध्याकाळी घरी येऊन रूपविकारी तारे बघायचे, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं असे. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून आज प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, किती, एवढं लिहायचे आणि अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेला पाठवायचे. ती संघटना १९११ पासून हौशी लोकांच्या नोंदींवरच उभी आहे. काम बघून त्यांनी १९२६ मध्ये चंद्रांना एक दुर्बीण पाठवली. सहा इंची. आयुष्यभरात ३७ हजारांहून जास्त नोंदी त्यांच्या नावावर आहेत. धूमकेतू एकही नाही. नुसते आकडे. ते आकडे आजही वापरता येतात.

म्हणून विचारते. तुमच्याकडे निरीक्षणाची वही असेलच. २०१९ च्या डिसेंबरात आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिच्यात मृगाबद्दल काय लिहिलंय? त्या हिवाळ्यात काक्षी नुसत्या डोळ्यांना कळेल इतका मंदावला होता, फेब्रुवारीत तर दीडच्याही खाली, १.६ प्रतीपर्यंत उतरला (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा फिका). जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्यामागे लागले होते. तुमच्या वहीत "मृग सुरेख, तेजोमेघ छान दिसला" एवढंच असेल, तर तुम्ही त्या रात्री बघितलंत, नोंदलं मात्र नाहीत. "रोहिणीपेक्षा फिका" एवढे दोन शब्द असते, तरी ती नोंद झाली असती.

यापुढे मोजा. काक्षी महिन्यातून दोनदा. अल्गॉल हा तारा, जो साधारण दर दोन दिवस एकवीस तासांनी काही तास मलूल होतो, त्याच्या पाच-दहा घटना. मायरा या ताऱ्याच्या तेजाचं वर्षभराचं चढणं-उतरणं. चंद्राने झाकलेल्या ताऱ्यांच्या पिधानाच्या वेळा, सेकंदापर्यंत. तुमच्या सहा इंचांत हे सगळं बसतं. एकट्याने जमत नसेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, मुंबईचं खगोल मंडळ आहे. तिथे सभासद व्हा, पण कार्यक्रमाला स्वयंसेवक म्हणून उभे राहू नका. तुम्हाला लगेच माइक देतील, आणि परत रांग.

आणि "कडी कुठाय?" या प्रश्नाने तुम्ही ओशाळलात, हे मला पत्रातून कळलं. तो त्या रात्रीचा सगळ्यात चांगला प्रश्न होता. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली. यंदाच्या जानेवारीतही कडी आपल्याकडे जेमतेम एक-दोन अंशांनी कललेली होती, म्हणजे गोळ्यातून आरपार गेलेली बारीक रेघ. मुलांनी पुस्तकात पाहिलेला शनी तिथे नव्हताच, आणि त्यांनी ते ओळखलं. आता ती दरवर्षी थोडी थोडी उघडत जातील, २०३२ च्या सुमाराला सगळ्यात जास्त, मग मिटत मिटत २०३८ मध्ये पुन्हा रेघ. तोवर तुम्ही छप्पन्न वर्षांचे असाल, नोकरीची दोन वर्षं बाकी. दर वर्षी शनीचं एक चित्र काढा. पेन्सिलने, त्याच दुर्बिणीतून, त्याच वर्धनाने, खाली तारीख आणि वेळ. स्पर्धेला पाठवू नका, शाळेच्या भिंतीवर लावू नका. तुमच्यासाठी काढा.

हेच मला तुम्हाला सांगायचंय. हौशी माणसाला, त्यातून मास्तर असेल तर, सारखं वाटत राहतं की आपल्या हौसेचा कुणाला तरी उपयोग झाला पाहिजे. नाहीतर ती चैन ठरते. मग तो ती हौस कार्यक्रमांना जुंपतो, आणि चार वर्षांत तिचं शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं एक वार्षिक काम होऊन बसतं. पत्रात तुम्ही मुलांबद्दल, पालकांबद्दल, मुख्याध्यापकांबद्दल लिहिलंत. शेवटच्या अमावस्येला तुम्ही स्वतः काय बघितलंत, त्याबद्दल एक ओळ नाही.

आता घर. वहिनींची तक्रार आकाशाबद्दल नाही, असं मला वाटतं. संध्याकाळी सहा वाजता तुम्ही वर बघून म्हणत असणार, "आज काय आकाश आहे! मी जाऊन येतो." त्यांनी भाजी चिरायला घेतलेली, मुलीला गणित अडलेलं. आणि परत यायची वेळ ठरलेली नाही. अमावस्या काही अचानक येत नाही, सर. कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेली असते. वर्षाच्या बारा-तेरा, त्यातल्या चार पावसाने नेल्या, उरल्या आठ-नऊ. जानेवारीतच त्यांच्यासमोर बसून त्यांवर खुणा करा. मुलीची दहावी आहे, तर त्यांतल्या फेब्रुवारी-मार्चच्या आपणहून सोडा. बाकीच्या रात्री तुमच्या, ठरलेल्या, परत यायची वेळ सांगितलेली. रानात एकटे जाऊ नका, मित्र सोबत असला तरच. साप अमावस्या पाळत नाहीत.

लोक विचारतात त्याचं उत्तर वहिनींवर का? अमावस्येला रानात जाणारा माणूस म्हणजे काहीतरी करणीधरणी करतो, अशी कुजबुज गावात होते, ती मी ऐकलेली आहे. त्या विचारणाऱ्या दोन-चार बायकांना एकदा रात्री आठला तुमच्याच अंगणात बोलवा. शनी नको, चंद्र दाखवा. शुद्ध सप्तमी-अष्टमीचा, विवरं उन्हात उठून दिसतात तो. पुढे वहिनींना काही सांगावं लागणार नाही.

वहिनी संकष्टी करत असतील तर आणखी एक. दर महिन्याला त्या चंद्रोदयाची वेळ बघून गच्चीवर जातात. तुमच्या घरातलं नेमाने चालणारं एकमेव चंद्रनिरीक्षण ते आहे. तुम्ही कधी सोबत गेलात का? उपासावर भाष्य करायचं नाही. नुसतं उभं राहायचं, आणि त्यांनी विचारलं तरच बोलायचं.

मुख्याध्यापकांना काय सांगायचं, ते उरलं. जानेवारीची रात्र बंद केल्याचं तोंडी नव्हे, लेखी कळवा, आणि त्याच पत्रात २ ऑगस्ट २०२७ चा विषय काढा. सोमवार आहे, शाळेचा दिवस. दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. इजिप्तमध्ये लक्सरच्या बाजूला ते खग्रास असेल. आणि तुमच्या अक्षांशाला शून्य सावली नेमकी त्याच तारखेच्या आगेमागे येते. साडेबाराला सावली पायाखाली आणि शाळा सुटता सुटता सूर्याचा लचका तोडलेला, एकाच मैदानात. अशी तारीख मास्तरच्या नोकरीत दुसरी मिळणं कठीण. आत्ताच कळवलं नाही, तर त्या दिवशी मुलांना लवकर सोडून देण्याचा किंवा खिडक्या बंद करून वर्गात बसवण्याचा तोंडी आदेश निघेल, आणि तो पाळलाही जाईल.

ढग आले तर आले. नाही आले तर खिशातल्या एका आरशावर भोक पाडलेला काळा कागद चिकटवा, भोक एक सेंटीमीटरचं, आणि मैदानातून कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडा. आरसा बावीस मीटरवर असेल तर सूर्याचं बिंब वीतभर, वीस सेंटीमीटरचं पडतं, आणि सगळा वर्ग सूर्याकडे पाठ करून ग्रहण बघतो. आरशात कुणी डोकावून बघू नये, एवढं मात्र तिथे उभं राहून सांभाळा. ज्या मुलांना थेट बघायचंय, त्यांच्यासाठी प्रमाणित ग्रहणचष्मे जूनमध्येच मागवून ठेवा, प्रत्येकावर आयएसओ १२३१२-२ असं छापलेलं आहे का ते पाहून घ्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बाजारात जे येतात, ते घेऊ नका. आणि दुर्बीण त्या दिवशी घरीच ठेवा. तोंडावर सौरफिल्टर नसलेली दुर्बीण मुलांच्या गर्दीत उन्हात नेणं म्हणजे कुणाचा तरी डोळा घालवणं.